साडूचं कडं

९ मार्च, रविवार

माझ्या साडूला आज सोनं सापडलं.

हे वाक्य लिहून बराच वेळ तसाच बसलो होतो. आता सगळं सविस्तर लिहून काढतो. उद्यापासून हीच गोष्ट तो गावभर सांगत सुटेल आणि त्याच्या गोष्टीत मी कुठेतरी कडेला डबा खात बसलेला असेन. वाईट याचं वाटतं, की ते खरंच आहे. मी डबा खात होतो.

धातू शोधायचं मशीन माझं. नदीपलीकडच्या बटाट्याच्या शेतात फिरायची परवानगीही माझी. शेतमालकीणबाई कुणाला दारात उभं करत नाहीत. त्यांच्या जमिनीचा जुना नकाशा मी कार्यालयातून हुडकून काढला, तेव्हा कुठे त्या "फिरा, पण खड्डे बुजवा" एवढं बोलल्या. भूमापन कार्यालयात नकाशे काढण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मी वाट्टेल तसा भटकत नाही. दोरी लावून अख्ख्या शेताचे चौकोन पाडलेत. प्रत्येक चौकोन एकदा आडवा, एकदा उभा. आजवरची मिळकत म्हणजे नांगराचे तुकडे, बटणं आणि एक वाकलेला चमचा. तरी मी कधी तक्रार केलेली नाही.

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सोफे, खुर्च्या, गाद्या यांची कापडं बदलायचं त्याचं दुकान आहे. "त्याला एकदा घेऊन जा ना बरोबर," म्हणून ही आठवडाभर मागे लागली होती. "सध्या काम कमी आहे, दुकानात एकटाच कुढत बसतो." तो कुढतो हे मला पटलं नाही. दातांच्या डॉक्टरकडे रांगेत बसला तरी तो माणूस चार मित्र करून उठतो.

दुपारी आम्ही बांधावर बसलो. त्यानं स्वतःचा डबा दोन घासांत संपवला आणि म्हणाला, "दादा, तुमचं होईपर्यंत जरा फिरवू का मी?"

"फिरव. पण पलीकडे. तो भाग झालेला आहे."

झालेला म्हणजे मी तपासलेला. माझ्या नव्या चौकोनांत त्यानं लुडबुड करू नये म्हणून त्याला जुन्यात पाठवलं. झाडू मारावा तसं मशीन हलवत तो गेला. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाला, "दादा, हे ओरडतंय."

"डब्याचं झाकण असेल. खण."

मी अंडं सोलत होतो. अंड्याचं टरफल हातात असताना मी त्याला मातीत गुडघे टेकून दोन्ही हातांनी काहीतरी उचलताना पाहिलं. दोरीसारखं पिळलेलं सोन्याचं कडं होतं ते, दोन्ही टोकांना जनावराची तोंडं. त्याला ती मेंढ्याची वाटली. मी म्हणालो, घोड्याची आहेत.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. नांगरट झाली की खालची माती वर येते. गेल्या वर्षी मी तो चौकोन तपासला, तेव्हा ते कडं मशीनच्या आवाक्याबाहेर खोल असणार. याला शास्त्रीय आधार आहे.


११ मार्च

रजा काढून संग्रहालयात गेलो. कायदा मला पाठ आहे, साडूला त्यातलं ओ की ठो माहीत नाही. जमिनीत जुनी मौल्यवान वस्तू सापडली की ती आधी सरकारकडे नोंदवायची. ती पुरातन ठरली, तर संग्रहालय ठेवून घेतं आणि बक्षीस देतं, अर्धं जमिनीच्या मालकाला आणि अर्धं शोधणाऱ्याला. कुणी आपल्या मालकीचा पुरावा आणला तर गोष्ट वेगळी, पण हजारभर वर्षांपूर्वीच्या कड्यावर हक्क सांगायला कोण येणार?

संग्रहालयातल्या बाईंनी हातमोजे घालून कडं उचललं. त्या माझ्याच वयाच्या असतील. दिव्याखाली धरून ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "असं दुसरं या भागात नाही. मेंढ्याची तोंडं आहेत."

साडू माझ्याकडे बघून हसला. त्यात कुत्सित असं काही नव्हतं. तरी हसलाच.

"सापडलं कुणाला?" बाईंनी विचारलं.

"आम्हाला," मी म्हणालो.

"म्हणजे दोघांपैकी कुणाला?"

साडू म्हणाला, "मशीन दादांचं आहे. मी नुसतं धरलं होतं."

बाईंनी त्याचं नाव लिहून घेतलं. माझं खाली, 'सोबत' म्हणून.

निघताना त्यांनी बजावलं, की पुढच्या महिन्यात आम्ही तिथे रीतसर खोदकाम करणार आहोत. तोवर शेताचा तो भाग बंद. कुणी मशीन लावायचं नाही, काही उचलायचं नाही. तसं केलं तर तो गुन्हा. मी मान हलवली. हे मला सांगायची गरज नव्हती.


१४ मार्च

वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. नवा शर्ट घातलाय. हिनं तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कपाट माझं आहे. सकाळी मोजे काढायला दार उघडलं की साडू.

"बाहेर चिकटवला नाही, तुम्हाला आवडणार नाही म्हणून," ही म्हणाली.

"मला काय त्याचं?"

"तेच म्हणते मी."


२० मार्च

संग्रहालयाच्या खात्याकडे हरकत नोंदवली. शोधणारा कोण, हे कायद्यात कुठेही नीट सांगितलेलं नाही. मशीनची पावती माझ्या नावावर, परवानगी मला, चौकोन माझे. मजुरानं खणलं म्हणून विहीर मजुराची होत नाही. यात वैयक्तिक काही नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

हिला अजून सांगितलेलं नाही.


२२ मार्च

तिला कळलं, बहिणीकडून. मेहुणी फोनवर काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण हिनं दोनदाच "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. जेवताना ताट माझ्यापुढे जरा जोरात ठेवलं.

शेतमालकीणबाईंनी साडूला आपला जुना सोफा दुरुस्तीला दिलाय म्हणे. तो त्यांच्या घरी जाऊन कापडाचे नमुने दाखवतो, चहा पितो. इतक्या दिवसांत मला त्यांनी दाराच्या आत घेतलेलं नाही. माझी चप्पल त्या घराच्या पायरीनं पाहिलेली नाही.


४ एप्रिल

सुनावणी झाली. एका लांबट खोलीत अधिकारी, संग्रहालयातल्या बाई आणि आम्ही दोघं. तयारी केलेलं सगळं मी तासभर मांडलं. अधिकारी शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मशीनचे ते कानाला लावायचे असतात, ते कुणाच्या कानाला होते?"

"त्याच्या. पण मशीन माझं."

"तुम्ही तुमची गाडी यांना चालवायला दिली आणि यांनी ती कुणाच्या अंगावर घातली, तर मी कुणाला धरायचं?"

बाई खाली बघून हसू दाबत होत्या. मी मशीनची पावती परत पुढे सरकवली.

तेवढ्यात साडू उठून उभा राहिला. "साहेब, हे सगळं कशाला? माझ्या नावाचं जे काही असेल त्यात दादांचं नाव घाला. निम्मं निम्मं. मला चालेल."

अधिकारी म्हणाले, "तुम्हाला मान्य आहे का?"

मी नाही म्हणालो. निम्मं घेतलं असतं तर ते त्यानं मला दिलेलं झालं असतं. मला ते कायद्यानं माझं म्हणून हवं होतं. या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. तो त्या खोलीत कुणालाच कळला नाही.

निकाल: शोधणारा तो.

बाहेर पडल्यावर साडूनं विचारलं, "दादा, चहा घ्यायचा?" मी बसस्टॉपकडे चालू लागलो.


६ एप्रिल

दोघी बहिणी बोलत नाहीत. रोज सकाळी फोनवर भाजीपासून भाच्यांच्या अभ्यासापर्यंत सगळं चालायचं. आता त्या वेळेला ही स्वयंपाकघर पुसते. आधीच पुसलेलं परत पुसते.


११ एप्रिल

हे कुठेतरी लिहायलाच हवं, नाहीतर मी फुटेन.

सकाळी कार्यालयात डोकं दुखतंय म्हणून कळवलं. हिलाही तेच सांगितलं, मग औषध घेऊन येतो म्हणून मशीन सुटं करून भरलेली पिशवी उचलून बाहेर पडलो. शेतात कुणी नव्हतं. लाल-पांढरी पट्टी बांधली होती, ती उचलून आत शिरलो. एवढंच बघायचं होतं, की माझ्याकडून खरंच काही राहिलं होतं का. बाकी काही करायचा विचार नव्हता.

साडूच्या खड्ड्यापासून हातभर अंतरावर मशीन बोललं. स्पष्ट, गोल, गोड आवाज. सहा वर्षं मी त्या आवाजाची वाट पाहिली. खुरप्यानं खणलं. आधी मडक्याची खापरं लागली, त्यांच्या खाली कडं. तसंच, पिळाचं. जोडीतलं दुसरं.

मी मातीत बसून रडलो. असा रडेन असं वाटलं नव्हतं.

मग पलीकडे ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. घाईघाईनं खड्डा बुजवला, कडं रुमालात गुंडाळलं आणि नदीच्या बाजूनं निघालो. घरी येऊन पिशवी पाहिली, तर खुरपं नाही. दांड्याला लाल चिकटपट्टी लावलेलं माझं जुनं खुरपं. बसमध्ये पडलं असणार.

कडं नकाशांच्या पत्र्याच्या नळीत ठेवलंय. सोमवारी संग्रहालयात नेऊन देतो. नीट कसं सांगायचं ते ठरवून.


१३ एप्रिल

ही बाजारात गेली होती, तेव्हा बाहेर काढलं. धुतलं. हातात घालून पाहिलं. ते एखाद्या बारीक मनगटाच्या माणसाचं असणार, बाईचं किंवा मुलाचं. माझ्या हातात गेलं, पण निघेना. जोर लावावा तर सोनं मऊ, वाकेल. साबण लावला, तेल लावलं. तेवढ्यात दाराची बेल.

जेवेपर्यंत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलो. "उकडत नाही का?" हिनं विचारलं. थंडी वाजतेय म्हणालो. तिनं कपाळाला हात लावून पाहिला. तिचा हात माझ्या बाहीपासून वीतभर अंतरावर होता आणि मला वाटलं, दाखवावं. बघ, मलाही सापडलंय. त्याच्यापेक्षा चांगलं. याचा पीळ जास्त सुबक आहे.

नंतर न्हाणीघरात हात थंड पाण्यात बुडवून ठेवला, तेव्हा निघालं. मनगटावर वळ राहिलाय.

गंमत अशी, की आता माझ्याकडे साडूपेक्षा जास्त आहे. त्याचं कडं संग्रहालयात, माझं घरात. पण त्याचं सगळ्या गावानं पाहिलंय.


१९ एप्रिल

साडू येऊन गेला. एवढं सगळं होऊनही येतो, हा त्याचा निबरपणा. ही आत होती, तो दारातच उभा राहिला. जाड कापडात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. उघडलं तर माझं खुरपं.

"माझ्या दुकानात राहिलं होतं दादा. म्हटलं, देऊन टाकावं."

मी ते त्याच्या दुकानात कधी नेल्याचं मला आठवत नाही. पण असेल, कधीतरी नेलं असेल. बसमधलं कुणी त्याच्याकडे कशाला आणून देईल? पात्यावर माती वाळून बसली होती. साधं पुसून द्यायचं भान नाही.

"बसतोस का?" मी विचारलं, विचारावं लागतं म्हणून.

"नको. काळजी घ्या," तो म्हणाला, आणि जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं सुनावणीचा विजय अजून उतरला नसावा.


२८ एप्रिल

खोदकाम सुरू झालं. संग्रहालयातल्या बाईंनी आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. मी सगळ्यांच्या मागे उभा होतो.

त्यांच्या माणसांनी ब्रशनं माती झाडत नेली आणि मध्येच थांबली. नुकताच उकरून बुजवलेला खड्डा. तळाशी फुटकं मडकं आणि चिकणमातीत उमटलेला गोल पिळाचा ठसा. मुलांच्या खेळण्यातला साचा असतो तसा.

बाई उकिडव्या बसल्या होत्या. उठल्याच नाहीत. "जोडी होती," एवढंच म्हणाल्या. "कुणीतरी आमच्या आधी येऊन गेलं."

साडू माझ्या बाजूला नव्हता. तो पट्टीपाशी जाऊन नदीकडे बघत उभा राहिला होता.


३० एप्रिल

पोलीस आधी माझ्याकडे आले. मी सरकारी नोकर, हरकत रीतसर नोंदवणारा, कायद्याला धरून चालणारा माणूस. चहा घेऊन गेले.

मग साडूकडे गेले. ट्रॅक्टरवाल्यानं त्याला पाहिलंय. खोदकामाच्या आधी, सोफ्याचं माप घ्यायला आला होता तेव्हा, तो पट्टीच्या आत गेला, वाकून काहीतरी उचललं आणि पिशवीत टाकलं. पोलिसांनी विचारलं तर म्हणे, चपलेत खडा गेला होता, तो काढत होतो.

खोटं बोलतोय. खडा कुणी पिशवीत टाकतं का?

म्हणजे तिथे तिसरं काहीतरी होतं. आणि तेही त्यालाच मिळालं. मी अख्खी सकाळ तिथे गुडघ्यांवर होतो आणि मला एकच दिसलं. या माणसाच्या नशिबापुढे हात टेकले.

खरं सांगायचं तर थोडं हलकं वाटतंय. मी एकटाच नाही.


२ मे

त्याच्या दुकानाची झडती झाली. गिऱ्हाइकांचे सोफे उसवले, गाद्या फाडल्या. मेहुणीनं हिला फोन केला, इतक्या दिवसांनी. ही ऐकत होती आणि डोळे पुसत होती. मला म्हणाली, "भर रस्त्यावर कापूस उडत होता म्हणे. लोक उभे राहून बघत होते."

मी वर्तमानपत्र वाचत होतो. त्यात आज त्याचा फोटो नव्हता, पण बातमी होती. 'सोनं शोधणारा संशयाच्या भोवऱ्यात.' मला वाटलं होतं, वाचून बरं वाटेल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलंही. दुसऱ्यांदा तेवढं नाही.


३ मे

ही गॅलरीत कुंड्यांतली माती उकरत होती. हातात माझं खुरपं.

"बरं झालं परत आलं हे," ती म्हणाली. "मला वाटलं हरवलं त्या दिवशी."

"कुठल्या दिवशी?"

"तुमचं डोकं दुखत होतं त्या दिवशी. पिशवीतून दांडा बाहेर आला होता."

मी वर्तमानपत्राची घडी उघडली. ती माती दाबत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या दुकानात राहिलं होतं म्हणाला ना तो? तिथे तर नुसता कापूस असतो. एवढी माती कुठून लागली?"

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. कुंडी उचलून उन्हात ठेवली आणि हात धुवायला आत गेली.


४ मे

तिसरं काही नव्हतंच. त्यानं उचललं ते माझं खुरपं.

दांड्यावरची लाल चिकटपट्टी बघून त्याला कळलं असणार. सगळं कळलं असणार, त्याच क्षणी. तरी पोलिसांना खडा सांगितला. दुकान फाडून घेतलं. माझं नाव घेतलं नाही. आणि मी इथे बसून लिहीत होतो, की खुरपं पुसून द्यायचं भान नाही.

आधी लाज वाटली असं लिहिलं तर ते बरं दिसेल, पण खरं नाही. आधी राग आला. भयंकर राग आला. कडं त्याला, फोटो त्याला, शेतमालकीणबाईंचा चहा त्याला, आणि आता हेही त्यालाच? मोठेपणाही त्यालाच? मी गप्प राहिलो तर जन्मभर त्याच्या उपकाराखाली राहायचं. घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात तो समोर बसणार, हसणार, आणि आम्हा दोघांनाच ठाऊक असणार कोण कोण आहे.

ते मला सहन होणार नाही. उद्या जातो.


५ मे

संग्रहालयात बाईंच्या टेबलावर पत्र्याची नळी ठेवली आणि झाकण काढलं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण त्यातलं काही बोललो नाही. "मी घेतलं," एवढंच म्हणालो. "तो आत गेला होता तो माझं खुरपं उचलायला."

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्यांनी हातमोजे घातले, कडं कापडावर ठेवलं आणि वही ओढली.

"किती खोलीवर होतं?"

"साधारण..." मी हातानं दाखवलं.

"तोंडं कुठल्या दिशेला होती? मडक्याच्या आत होतं की खाली? आधी कुठलं खापर निघालं?"

मला सांगता येईना. घाईत होतो. काही मोजलं नव्हतं.

"माप नाही घेतलं?" त्यांनी विचारलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

पोलीस, जबाब, सह्या, पुढे सगळं झालं. मशीन जप्त झालं. कार्यालयातून निलंबनाचं पत्र येईल असं दिसतं. पण दिवसभर माझ्या कानात तो एकच शब्द आहे.


८ मे

साडूच्या दुकानात गेलो. तो एका खुर्चीवर नवं कापड ताणत होता, ओठांत खिळे धरलेले. मला पाहून थांबला नाही. फाटलेल्या गाद्या कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या.

"मी सांगितलं त्यांना," मी म्हणालो.

त्यानं ओठांतले खिळे काढून हातात घेतले. "कळलं."

"तू मला का वाचवलंस?"

"तुम्हाला नाही वाचवलं दादा." आवाज चढलेला नव्हता. "ताईंसाठी केलं. माझ्या बायकोची आई गेली तेव्हापासून ताईंनी तिला वाढवलंय. तिच्या वेण्या घालून मग स्वतः कॉलेजला जायच्या. तुम्हाला पोलिसांनी नेलं असतं, तर त्या आमच्या घरी परत आल्या नसत्या. मला माहीत आहेत त्या."

म्हणजे तेही माझ्यासाठी नव्हतं. मला हे ऐकून दुखलं, आणि दुखायचा मला काय हक्क, हेही कळत होतं.

"ते लोक ही खुर्ची फाडत होते ना," तो म्हणाला, "तेव्हा बायको मला बाजूला घेऊन गेली. म्हणाली, तू खरंच घेतलंस का? मी नाही म्हणालो. थोड्या वेळानं परत विचारलं. तिनं परत विचारलं दादा. त्याचं मी काय करू, सांगा. कडं तुम्ही परत दिलंत. ते कसं परत देणार?"

मी उभा होतो. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हातानं थांबवलं.

"नको. आत्ता नको. मी काहीतरी बोलेन." मग कापडाचं टोक माझ्यापुढे केलं. "हे धरा. ओढून धरा. सैल सोडू नका."

मी धरलं. तो खिळे ठोकत गेला. खुर्ची संपेपर्यंत मी टोक सैल सोडलं नाही. संपल्यावर त्यानं दुसरी पुढे ओढली आणि मी परत टोक धरलं.


३० जून

निकाल आला. दंड आहे, आणि मला पुन्हा मशीन वापरायला बंदी. दुसऱ्या कड्याच्या बक्षिसात माझा भाग नाही, तो सगळा शेतमालकीणबाईंना. कार्यालयानं निलंबन मागे घेतलं, पण मला जुन्या कागदांच्या खोलीत बसवलंय. तिथे कुणी येत नाही.

शनिवारी साडूच्या दुकानात जातो. फाटलेल्या गाद्यांपैकी बऱ्याचशा झाल्या. तो अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. गिऱ्हाईक आलं की मात्र त्याचं तोंड सुटतं आणि ते हसत हसत बाहेर पडतं. मला ते जमत नाही. मी मागे बसून कापूस पिंजतो आणि ऐकतो.

बहिणींचा सकाळचा फोन सुरू झालाय. आधीपेक्षा लहान असतो.


१८ ऑक्टोबर

आज संग्रहालयात दोन्ही कडी मांडली. काचेच्या एकाच पेटीत, शेजारी शेजारी. खालच्या पाटीवर शेताचं वर्णन आहे, काळ आहे आणि साडूचं नाव आहे. दुसऱ्या कड्याबद्दल 'मूळ स्थितीची नोंद उपलब्ध नाही' असं लिहिलंय. लोक ते न वाचता पुढे जातात. मी वाचलं.

मला जायचं नव्हतं. ही म्हणाली, "तुम्ही आला नाहीत तर तिकडे सगळ्यांना वाटेल तुम्ही येऊ शकत नाही." म्हणून गेलो. भिंतीपाशी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभा राहिलो.

शेतमालकीणबाई ठेवणीतला पोशाख घालून आल्या होत्या. छायाचित्रकार म्हणाला, "ज्यांना सापडलं ते पुढे या." साडू पुढे झाला. मेहुणीला त्यानं हाताला धरून बरोबर नेलं. उभं राहता राहता त्याची नजर सगळ्या खोलीतून फिरली, माझ्यापाशी आली आणि पुढे गेली.

त्यानं मला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर मी गेलो असतो, आणि घरी येऊन त्याच्या मोठेपणावर दोन पानं काळी केली असती. नाही बोलावलं, ते बरं झालं. वाईट वाटलं. दोन्ही.

ही माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला पुढे जायचं होतं, टाचा उंचावून बघत होती.

"जा ना," मी म्हणालो.

"दिसतंय इथूनही," ती म्हणाली.

दिसत नव्हतं काही. गर्दीतून फक्त साडूची पाठ दिसत होती. त्याच्या शर्टाला मागे इस्त्री नीट झालेली नव्हती, एक मोठी वाकडी घडी तशीच राहिली होती. मी ती हिला दाखवणार होतो. नाही दाखवली.